इहातोवचा कवी : मियाझावा केन्जी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात एका जपानी कवीवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. जपानी काव्य म्हटले की आपल्याला हायकू आठवतो, आणि हायकू म्हटले की शिरीष पै. त्यांनी तो काव्यप्रकार मराठीत रुजविला. परंतु आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्या मियाझावा केन्जींची कीर्ती हायकूवर उभी नाही. दीर्घ मुक्त कविता आणि मुलांसाठी लिहिलेल्या कथा ही त्यांची खरी संपत्ती. आपल्या प्रांतावर जीव टाकणारा माणूस संकुचित असतो काय, हा प्रश्न घरापासून दूर राहून मंडळ चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना वारंवार विचारला जातो. या कवीचे चरित्र हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे, अशी आमची समजूत आहे.

जपानी रीतीप्रमाणे मियाझावा हे आडनाव आणि केन्जी हे नाव. जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्य भागाला तोहोकु म्हणतात. त्या भागातील इवाते प्रांतात, हानामाकी या गावी, २७ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षी जूनमध्ये सान्रिकूच्या किनाऱ्यावर प्रचंड सागरी लाट येऊन वीस हजारांहून अधिक माणसे दगावली होती. तोहोकु हा जपानचा उपेक्षित भाग. हिवाळा कडक, माती आम्ल, आणि मधूनच असा एखादा उन्हाळा येई की थंड वाऱ्यांमुळे भाताच्या लोंब्यांत दाणाच भरत नसे. मग दुष्काळ, कर्ज आणि गहाणवट.

केन्जींच्या घरी या गहाणवटीचाच धंदा होता. वडील मासाजिरो गहाणाचे व जुन्या कपड्यांचे दुकान चालवीत. अडलेले शेतकरी घरातील कपडा, भांडे, अवजार घेऊन दाराशी येत. ज्या अन्नावर आपण वाढलो ते या लोकांच्या अडचणीतून आले आहे, ही टोचणी मुलाच्या मनाला लहानपणीच लागली आणि जन्मभर सुटली नाही. त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचे मूळ आम्हांला या दुकानाच्या उंबरठ्यावर दिसते.

वडील मोठे श्रद्धाळू, अमिताभ बुद्धाच्या उपासनेचा शिन पंथ मानणारे. मुलाच्या हाती मात्र १९१४ च्या सुमारास, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘सद्धर्मपुण्डरीक’ सूत्राची जपानी आवृत्ती आली आणि तो अंतर्बाह्य हादरून गेला. हे सूत्र मूळचे संस्कृत. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये त्याचे चिनी भाषांतर केले आणि त्या वाटेने ते जपानात पोचले. केन्जींच्या पहिल्या काव्यसंग्रहाच्या नावात जो ‘शुरा’ शब्द आहे, तो आपला ‘असुर’च. त्यांच्या एका कथेचे नावच मुळी ‘इंद्राचे जाळे’ असे आहे. आपल्या देशातून निघालेले शब्द दीड हजार वर्षांचा प्रवास करून एका बर्फाळ खेड्यातील कवीच्या लेखणीत उतरले, ही गोष्ट आम्हांला मोठी हृद्य वाटते.

मोरिओकाच्या उच्च कृषी व वन विद्यालयातून १९१८ मध्ये ते पदवीधर झाले. माती आणि खडक हे त्यांचे विषय. त्याच काळात त्यांनी शाकाहार स्वीकारला. धर्मावरून वडिलांशी खटके उडू लागले. १९२० मध्ये निचिरेन पंथाच्या कोकुचूकाई या संघटनेत ते शिरले, आणि जानेवारी १९२१ मध्ये घरी न सांगता टोकियोला निघून गेले. तेथे पोटापुरते छपाईविषयक काम करायचे आणि रात्री मुलांसाठी गोष्टी लिहायच्या, असा त्यांचा क्रम होता. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही संघटना कडव्या राष्ट्रवादाची होती, आणि तिचा संस्थापक तानाका चिगाकु याचे विचार पुढे साम्राज्यवादाच्या कामी आले. केन्जींचे लेखन त्या दिशेने गेले नाही. तरी चरित्रातील हा भाग झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

धाकटी बहीण तोशि आजारी पडल्याची तार आली आणि ते हानामाकीला परतले. डिसेंबर १९२१ मध्ये स्थानिक कृषिशाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. ही चार-साडेचार वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची. विद्यार्थ्यांना घेऊन ते कितागामी नदीकाठी जात. तेथील पांढरट दगडाचा काठ पाहून त्यांनी त्याला ‘इंग्लंडचा किनारा’ असे गमतीचे नाव दिले होते. मुलांसाठी नाटके लिहून ती बसवीत आणि ग्रामोफोनवर बीथोव्हेन ऐकवीत. पुढे ते स्वतः चेलो हे वाद्य शिकले, एस्परांतो भाषेचाही अभ्यास केला.

परंतु २७ नोव्हेंबर १९२२ रोजी तोशि क्षयाने गेली. ती अवघी चोवीस वर्षांची होती. घरात केन्जींचे मन ओळखणारे तेवढे एकच माणूस होते. त्या दिवशीच्या कवितेत, तापाने फणफणलेली बहीण भावाला बाहेर पडणारे पाणीबर्फ वाडग्यात भरून आणायला सांगते. कविता प्रमाण जपानीत आहे. बहिणीचे शब्द मात्र हानामाकीच्या घरगुती बोलीत, जसेच्या तसे. टोकियोच्या वाचकाला ते कळले नाहीत तरी चालेल, पण ते बदलायचे नाहीत, असा जणू कवीचा निर्धार होता. बंधुभगिनींनो, आपणही दिवसभर कचेरीत आणि बाजारात दुसऱ्या भाषा बोलतो. परंतु आजारपणात, वियोगात, अखेरच्या घटकेस जी भाषा ओठांवर येते ती कोणती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

१९२४ हे वर्ष त्यांच्या वाङ्मयीन जीवनात महत्त्वाचे. एप्रिलमध्ये ‘वसंत आणि असुर’ हा काव्यसंग्रह त्यांनी पदरमोड करून काढला, आणि डिसेंबरमध्ये नऊ गोष्टींचा एक बालकथासंग्रह निघाला. दोहोंच्या हजार-हजार प्रती छापल्या होत्या. खपल्या फार थोड्या. लेखनाबद्दल त्यांना हयातीत मिळालेले मानधन एका कथेचे पाच येन एवढेच, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

त्या बालकथासंग्रहाला जिच्यावरून नाव मिळाले, ती गोष्ट आज जपानात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. शिकारीला आलेले दोन शहरी बाबू रानात वाट चुकतात आणि एका झोकदार उपाहारगृहात शिरतात. दारामागून दार लागते आणि प्रत्येकावर नवी सूचना. केस विंचरा, बूट काढा, बंदुका ठेवा, अंगाला साय चोळा, आणि शेवटी मीठ लावा. तेव्हा कोठे बाबूंच्या ध्यानात येते की येथे जेवायला आपण आलेलो नाही. जेवणच आपण आहोत! मुले हसतात, पण केवळ मौजेसाठी जीव घेणाऱ्यांना लेखकाने मारलेली चपराक त्या हसण्याबरोबरच मनात उतरते. दुसऱ्या एका कथेतील कुरूप रातवा पक्षी, आपल्या चोचीत रोज किती किडे मरतात या जाणिवेने व्याकुळ होऊन आकाशात उंच उंच उडतो आणि अखेर तारा होतो. अहिंसेची शिकवण उपदेशाचा एक शब्दही न वापरता मुलांपर्यंत कशी पोचवावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

या कथा जेथे घडतात त्या भूमीला केन्जींनी ‘इहातोव’ असे नाव दिले. इवाते या आपल्या प्रांताच्याच नावावरून त्यांनी ते घडविले. ज्या प्रांताला टोकियोचे लोक मागासलेला म्हणून हिणवीत, त्यालाच त्यांनी स्वप्नभूमी केले. तेथे रानमांजरे पत्रे धाडतात, वारा शाळकरी पोराच्या रूपाने वर्गात येऊन बसतो. ‘आकाशगंगेच्या आगगाडीतील रात्र’ ही त्यांची सर्वश्रेष्ठ कथा. तिच्यातील मुलांची नावे इटालियन आहेत, आणि बर्फाच्या डोंगरावर आपटून बुडालेल्या जहाजावरचे प्रवासीही त्या गाडीत भेटतात. छापखान्यात खिळे वेचून आजारी आईला आधार देणारा जोव्हान्नी आपल्या मित्रासह ताऱ्यांतून प्रवास करतो. जागा झाल्यावर त्याला कळते की तो मित्र दुसऱ्या मुलाला वाचविताना नदीत बुडाला आहे. आपल्या मातीत पाय घट्ट रोवलेल्या माणसाचे डोके आकाशगंगेपर्यंत पोचते ते असे!

मार्च १९२६ मध्ये केन्जींनी शिक्षकाची नोकरी सोडली. मुलांना शेतकरी व्हा म्हणून सांगायचे आणि आपण पगार घ्यायचा, हे त्यांना पटेना. गावाबाहेरच्या घरात एकटे राहून ते जमीन कसू लागले आणि ‘रासु’ नावाची शेतकरी मंडळी स्थापन केली. तेथे मातीचे शास्त्र शिकविले जाई, संगीत होई. गावोगाव हिंडून, प्रत्येकाच्या जमिनीचा कस पाहून, कोणते खत किती घालावे याचे तक्ते त्यांनी शेकड्यांनी, एक पैसा न घेता, करून दिले. तरीही हा श्रीमंताच्या मुलाचा षोक आहे, असे म्हणणारे लोक होतेच. हवा बिघडली आणि पीक आडवे झाले की बोल त्यांना लागे. १९२८ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने त्यांनी अंथरूण धरले. पुढे १९३१ मध्ये, जरा बरे वाटताच, आम्ल जमिनीस उपयोगी पडणाऱ्या चुनखडीच्या भुकटीच्या कारखान्याचे काम पत्करले. तिचे नमुने घेऊन हिंडता हिंडता त्या सप्टेंबरात टोकियोला ते पुन्हा कोसळले.

घरी परतल्यावर, ३ नोव्हेंबर १९३१ रोजी, त्यांनी एका छोट्या वहीत पेन्सिलीने काही ओळी लिहिल्या. ऊनपावसाला न डगमगणारा, थोडक्यात भागविणारा, दुसऱ्याच्या दुखण्याखुपण्यात धावून जाणारा आणि लोकांनी खुळा म्हटले तरी खंत न करणारा माणूस आपल्याला व्हायचे आहे, असा त्यांचा आशय. छापण्यासाठी नव्हे, ते स्वतःशीच केलेले मागणे होते. आज जपानातील सर्वांत परिचित कवितांत तिची गणना होते.

२० सप्टेंबर १९३३ रोजी संध्याकाळी एक शेतकरी खताविषयी विचारायला दारी आला. रुग्णाची अवस्था कठीण होती. तरी ते कपडे बदलून बाहेर येऊन बसले आणि त्याचे सारे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊन सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. सद्धर्मपुण्डरीकाच्या हजार प्रती छापून वाटा, एवढीच इच्छा त्यांनी वडिलांना सांगितली. ज्या वडिलांशी धर्मावरून वाद झाला, त्यांनीच ती पुरी केली. ज्या वर्षी केन्जी गेले त्याच १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहीत होते. दोघेही शिक्षक, दोघेही शेतकऱ्यांच्या दुःखाने कासावीस होणारे. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती.

मग हे सारे लेखन आपल्यापर्यंत आले कसे? त्याचे श्रेय धाकटे बंधू सेइरोकु आणि कवी कुसानो शिम्पेइ यांच्यासारखे स्नेही यांना आहे. ती वही मृत्यूनंतर केन्जींच्या पेटीत सापडली. १० ऑगस्ट १९४५ रोजी हानामाकीवर बॉम्ब पडले आणि मियाझावांचे घर जळाले. परंतु मातीच्या जाड भिंतींच्या कोठारातील हस्तलिखिते सेइरोकुंनी वाचविली. २००१ साली सत्त्याण्णवाव्या वर्षी वारेपर्यंत ते भावाच्या कागदांची राखण करीत होते. हानामाकीत १९८२ मध्ये केन्जींचे स्मृतिसंग्रहालय उघडले.

कीर्तीबरोबर काही धोकेही येतात. युद्धकाळात त्या शेवटच्या कवितेतील सोशिकपणा सत्ताधाऱ्यांच्या प्रचारासाठी वापरला गेला. युद्धानंतर, १९४७ च्या पाठ्यपुस्तकात, कवितेतील रोजच्या तांदळाचे चार मापांचे प्रमाण अन्नटंचाईमुळे तीनवर आणण्यात आले! परंतु ११ मार्च २०११ च्या भूकंपाने व लाटेने तोहोकु पुन्हा उद्ध्वस्त झाले, तेव्हा लोकांनी एकमेकांना धीर देण्यासाठी याच ओळी म्हटल्या. कविता सत्तेच्या हातात गेली तर ‘सोसा’ म्हणून सांगते; शेजाऱ्याच्या तोंडून आली तर ‘मी आलो आहे’ असे म्हणते. हा फरक आपण ओळखला पाहिजे.

या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी आपणांपुढे ठेवतो. पहिली अशी की, आपल्या मुलुखाचे प्रेम माणसाला लहान करीत नाही. जे प्रेम दुसऱ्याच्या मुलुखाचा द्वेष करते तेवढेच त्याला लहान करते. दुसरी गोष्ट अशी की, लेखकाचे लेखन जगते ते ते जपणाऱ्या माणसांमुळे. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांत कित्येकांनी नाटुकली लिहिली, मुलांसाठी गाणी रचली, गावाकडच्या आठवणी वह्यांत उतरविल्या. त्या वह्या आज कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत पडून असतील. त्या मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या मुलांना त्यांतील गोष्टी आपल्याच बोलीत मोठ्याने वाचून दाखवाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे. हजार प्रतींचे पुस्तक खपले नाही म्हणून लिहिणाऱ्याचे चुकले असे होत नसते; वाचणारे मूल कधी जन्माला येईल हे कोणालाच ठाऊक नसते.