टॅबलेटची नवी प्रणाली आणि अपुरी जागा
(मुरबाड तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय दिसावयास यंत्राचा आहे. परंतु मूलतः तो शाळेच्या दप्तराचा आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचे डिजिटल शाळा म्हणून राज्यभर नाव झाले. पुढे आपल्याकडील कित्येक वाड्यापाड्यांवरील शाळांतही टॅबलेट आले. २०१७ साली दीक्षा ॲप सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड टिपताच धडा पडद्यावर दिसू लागला. ही सोय आता आपल्या अंगवळणी पडली आहे. तथापि जुन्या टॅबलेटवर एक दिवस सूचना येते की, नवी प्रणाली उपलब्ध आहे, परंतु पुरेशी जागा नाही. अशा वेळी काय करावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम जागा का लागते ते पाहू. नवी प्रणाली गठ्ठा बांधून येते. तो गठ्ठा ठेवावयास जागा हवी, आणि तो सोडून मांडावयासही जागा हवी. नवे पुरते जागेवर बसेपर्यंत जुने काढता येत नाही. कणगीत नवे भात भरण्यापूर्वी काही वेळ जुने व नवे दोन्ही अंगणात असावे लागते, तसाच हा प्रकार होय. शिवाय खोक्यावर ८ जीबी छापलेले असले, तरी त्यातील बराच भाग प्रणालीनेच आधी व्यापलेला असतो.

ही अडचण केवळ आपल्या खेड्यांची आहे, असे कोणी समजू नये. २०१४ साली ॲपल कंपनीने आयपॅडसाठी आयओएस ८ ही प्रणाली दिली, तेव्हा ती थेट उपकरणावर उतरवून घेण्यास साडेचार जीबीहून अधिक जागा मोकळी लागे. १६ जीबीचे आयपॅड बाळगणारे अनेकजण त्यामुळे अडून बसले. तेच काम संगणकाला जोडून केले असता इतकी जागा लागत नसे, कारण गठ्ठा सोडण्याचे काम संगणकावर होई. पुढच्याच वर्षी आयओएस ९ मध्ये ही गरज १.३ जीबीवर आणण्यात आली. आपल्या टॅबलेटच्या कंपनीने संगणकाद्वारे प्रणाली बदलण्याची सोय दिली असल्यास ती आधी पाहावी, हा यातील बोध.

आता मुख्य मुद्दा. जागा करावयाची म्हणजे काहीतरी पुसावयाचे. मग काय पुसावे? याचा एकच नियम आहे: जे पुन्हा मिळते ते काढावे, जे पुन्हा मिळत नाही ते जपावे. दीक्षावरून उतरवलेला धडा पुन्हा उतरवता येतो. परिपत्रकाची प्रत पुन्हा मागता येते. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारी शुभेच्छाचित्रे तर न मागताही पुन्हा येतात. परंतु इयत्ता पहिलीतील मुलाने अडखळत वाचलेल्या पहिल्या वाक्याचे ध्वनिमुद्रण पुन्हा मिळत नाही. कातकरी वाडीवरील मुलीने आपल्या बोलीत सांगितलेली, आजीकडून ऐकलेली गोष्ट पुन्हा तशीच मिळत नाही.

हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मूल परत आले, तर ते कोठवर आले होते आणि कोठे अडले, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे ते जुने ध्वनिमुद्रण. मूल परत आलेच नाही, तर शाळेजवळ त्याचा आवाज तेवढा उरतो. दोन जीबी जागेसाठी हा ठेवा पुसला गेला, तर नवी प्रणाली फार महाग पडली असे म्हणावे लागेल.

म्हणून कामाचा क्रम येणेप्रमाणे ठेवावा. पहिल्याने मुलांची ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे व शिक्षकाच्या नोंदी संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात, आणि प्रत दोन ठिकाणी ठेवावी. प्रत उघडून ऐकल्याशिवाय मूळ पुसू नये. दुसऱ्याने उतरवलेले धडे, चित्रफिती व न वापरलेली ॲपे काढावीत. सेटिंगमध्ये ‘कॅशे साफ करा’ व ‘डेटा साफ करा’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. पहिल्याने तात्पुरता साठा जातो व सहसा नुकसान होत नाही. दुसऱ्याने त्या ॲपमधील आपले कामच जाऊ शकते. बोट ठेवण्यापूर्वी नीट वाचावे.

तिसरी गोष्ट मेमरी कार्डाची. कार्डावर फायली हलवून जागा करता येते. परंतु ॲण्ड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्ड टॅबलेटच्या आतील साठवणीत सामील करण्याचीही सोय आहे. तसे करताना कार्ड कोरे होते, आणि पुढे ते दुसऱ्या यंत्रात वाचता येत नाही. मुलांचे काम ज्या कार्डावर आहे, त्यावर हा प्रयोग करू नये. चौथी गोष्ट, बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय काम आरंभू नये. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि जुन्या टॅबलेटची प्रणाली अर्ध्यावर अडली तर तो बंदही पडू शकतो.

आता एक अप्रिय गोष्ट. काही टॅबलेट नव्या प्रणालीचे ओझे पेलूच शकत नाहीत. २०१२ साली मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली आलेल्या आकाश २ टॅबलेटची साठवण ४ जीबी होती; २०२२ च्या ॲण्ड्रॉइड १३ साठी गूगलने नव्या उपकरणांना किमान १६ जीबीची अट घातली. ज्या टॅबलेटसाठी कंपनीने नवी प्रणाली दिलेलीच नाही, त्यावर अनोळखी ठिकाणाहून आणलेली प्रणाली चढवू नये. असा टॅबलेट इंटरनेटपासून दूर ठेवून, साठवलेले धडे दाखविण्यास व गोष्टी ऐकविण्यास वापरावा. विद्यार्थ्यांची खाजगी माहिती व पासवर्ड मात्र त्यावर ठेवू नयेत. म्हाताऱ्या बैलाला नांगराला न जुंपता हलके काम द्यावे, तसे हे आहे.

बंधुभगिनींनो, हजेरीपट आणि दाखल्यांचे रजिस्टर आपण पिढ्यान्‌पिढ्या कपाटात कुलूप लावून जपले. कोणी जागा नाही म्हणून ते रद्दीत घातले नाहीत. टॅबलेटमधील मुलांचा आवाज हेही शाळेचे तितकेच मोलाचे दप्तर आहे. येत्या आठवड्यात प्रत्येक शाळेने आपला टॅबलेट उघडून त्यात पुन्हा न मिळणारे काय काय आहे याची यादी करावी व त्याची प्रत काढावी. नव्या प्रणालीचा विचार त्यानंतर करावा, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.