जंगल राखायचं, तर राखणाऱ्याला हक्क द्या
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आम्ही कर्जत-खालापूरची माणसं. घाटाखालची, भातवाली. कपाशी-ज्वारीच्या मुलखात येऊन ही मंडळी जंगलाचं काय सांगणार, असं कुणाच्या मनात आलं असेल. पण जंगलाच्या कायद्याशी तुमचं-आमचं भांडण एकच आहे आणि जुनं आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ सरकारी रानातलं गवत कापून कायदा मोडला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आमच्या जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली. गवत आणि काटकी ही शेतीचीच अंगं आहेत हे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला कळत होतं.

आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. तुमच्याकडे ही रीत नाही, म्हणून सांगतो. रोपाच्या तुकड्यावर शेण, झाडाचा टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पावसाआधी पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राख जमिनीला मिळते, रोप जोमदार येतं. टहाळ बहुतेक ऐनाचा आणि किंजळीचा. फांद्या छाटायच्या, बुंध्याला हात लावायचा नाही. झाड पुन्हा फुटतं. ऐनावर ज्याची शेती अवलंबून तो ऐन मुळातून कशाला तोडेल? इंग्रजांच्या जंगलखात्याने या टहाळावर बंधनं आणली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी मंडळ नेमावं लागलं. १८८७ साली त्याचा अहवाल आला. जंगल मात्र खात्याकडेच राहिलं.

मग त्या जंगलाचं झालं काय? मुंबईच्या चुलींसाठी त्याचा कोळसा झाला. आमच्याकडचा कातकरी पूर्वी खैराचा कात काढायचा. त्याचं नावच त्यावरून पडलं. जंगल बंद झालं, काताचा धंदा गेला, आणि ठेकेदाराची उचल घेऊन तोच कातकरी कोळशाच्या भट्टीवर राबायला लागला. आज त्याची पोरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. "लोकांच्या हाती जंगल दिलं तर तोडून खातील" असं शहाणी माणसं सांगतात. कुऱ्हाड कातकऱ्याच्या हातात होती हे खरं. पण कूप कोणी लिलावात काढला आणि पैसा कोणाच्या गल्ल्यात गेला, हे कोणी विचारत नाही.

आता स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या झाडाचं बघा. १९६४ साली महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ तर आहेतच, पण तुमच्या धुऱ्यावरचे मोह, चिंच, अंजन, जांभूळही आहेत. झाड तुम्ही वाढवायचं, तोडायला परवानगी मागायची, आणि लाकूड हलवायचं तर वाहतुकीचा पास. चार झाडांचा लहान शेतकरी या फेऱ्या मारीत नाही. उभी झाडं व्यापाऱ्याला देईल त्या भावात देऊन टाकतो. त्यात १९७५ साली खाजगी वनं सरकारजमा करण्याचा कायदा आला. त्याची टांगती तलवार कोकणातल्या सातबाऱ्यांवर अजून आहे. झाडं वाढली तर जमीन वन ठरेल ही भीती एकदा बसली, की शहाणा शेतकरी रोपटं बोटाएवढं असतानाच उपटतो. उद्या फार्महाऊसवाला आला, की माळ विकून मोकळा होतो. झाडाला कायद्याने संरक्षण दिलं आणि शेतकऱ्याला झाडाचा वैरी केलं, असं आम्हाला वाटतं.

साहेब लोक ज्याला जैवविविधता म्हणतात ती आमच्याकडे पहिल्या पावसाबरोबर बाजारात येते. नेरळ-कर्जतला ठाकर आणि कातकरी बाया शेवळं, कंटोळी, भारंगी, टाकळा विकायला बसतात. शेवळं खाजरी, म्हणून सोबत काकडाची फळं घेऊनच भाजी करायची. शेवळं काढताना कोंब वरून खुडायचा, कंद जमिनीतच ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येतो. हे त्या बाईला कोणी शिबिरात शिकवलेलं नाही. शेवळाचं रान आणि काकडाचं झाड दोन्ही राहिली तरच तिचे जूनमधले चार पैसे राहतात. तुमच्याकडे भंडारा-गडचिरोलीत ढिवर ऐनावर टसर पोसतात, तेही असंच. ज्याचं पोट झाडावर, त्याच्याइतका राखणदार पगार देऊन मिळत नाही.

२००६ सालच्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा हे थोडंफार मान्य केलं. बांबू, मध, पानं, फळं यांची मालकी गावाची, आणि आपलं सामूहिक वन राखण्याचा, त्याचा कारभार करण्याचा अधिकार ग्रामसभेचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा पास खात्याकडेच अडला होता. २७ एप्रिल २०११ ला पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे हक्काचा पैसा झाला. भावांनो, नुसता कागदावरचा हक्क पुरत नाही. माल विकता आला पाहिजे.

आमच्याकडे डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्यासाठी आदिवासींना दिलेल्या दळी जमिनी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना त्यांचा दावा शाबीत करताना दमछाक होते. जो आदिवासी नाही त्याला तर ७५ वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा लागतो. तुम्ही विदर्भातले एका बाबतीत नशीबवान. कोणत्या रानातून कोणत्या गावाने काय घ्यायचं, हे तुमच्या निस्तार पत्रकात लिहून ठेवलेलं आहे. सामूहिक दाव्यासाठी याहून चांगला कागद शोधून मिळणार नाही.

तेव्हा आपल्या गावच्या निस्तार पत्रकाची नक्कल काढा. ग्रामसभेत वनहक्क समिती आहे का ते विचारा. नसेल तर ठराव करून नेमा, आणि तिच्यात एक तृतीयांश तरी बाया हव्यात. रानात काय कुठे मिळतं ते त्यांनाच ठाऊक असतं. वैयक्तिक पट्ट्याचा अर्ज केला म्हणून थांबू नका, सामूहिक दावा वेगळा करावा लागतो. तो उपविभागीय समितीकडे दिलात की पोच घ्या, तारखेसह.