पंजाचे बळ कोणत्या धंद्यात घडते?



पंजा लढवण्याच्या खेळाला साहित्य फारसे लागत नाही. एक भक्कम मेज आणि समोरासमोर बसणारी दोन माणसे एवढ्यावर तो सुरू होतो. तो इतका सोपा दिसतो म्हणूनच की काय, ज्याचा दंड जाड त्याचा पंजा भारी, अशी एक समजूत त्याच्याविषयी रूढ झालेली आहे. परंतु जत्रेत किंवा कारखान्याच्या मधल्या सुटीत निराळाच प्रकार पाहावयास मिळतो. तालमीत अंग कमावलेला तरुण बाह्या सरसावून बसतो आणि समोरचा शिडशिडीत लोहार किंवा मोटार दुरुस्त करणारा कारागीर पाहता पाहता त्याचा हात टेकवतो. बघ्यांना तो चमत्कार वाटतो. वस्तुतः तो चमत्कार नव्हे. ती वर्षानुवर्षे केलेल्या कामाची शिल्लक होय.

या शिल्लकीचे मर्म कळण्यासाठी हाताची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. बोटांमध्ये मूठ आवळणारे स्नायू नसतात. ते प्रामुख्याने कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. तेथून दोरीसारख्या चिवट कंडरा मनगटातील अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. कोणीही मूठ घट्ट आवळून पाहावी. कोपराखालचा भाग तत्काळ ताठ होतो. पंजा लढवताना बोटांची पकड, मनगट आतल्या बाजूस मुडपून धरणे आणि हात उताणा किंवा पालथा पिळणे, ही तीन कामे याच भागाला करावी लागतात. दंड, खांदा आणि पाठ यांचे बळ त्यांच्या मागून येते. मनगट एकदा मागे वळले की ते बळ प्रतिस्पर्ध्याच्या हातापर्यंत पोहोचतच नाही. दोर तुटल्यावर बैल कितीही बळकट असले तरी मोट वर येत नाही, तशातलाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पंजातील बळ हे पुष्कळसे धरून ठेवण्याचे बळ असते. म्हणूनच ज्या धंद्यात वस्तू नुसती उचलून ठेवावयाची नसून दीर्घकाळ घट्ट धरावयाची असते, तो धंदा या खेळाची उत्तम शाळा ठरतो. लोहाराचेच उदाहरण घ्यावे. घण मारणारा हात सर्वांच्या डोळ्यांत भरतो; परंतु दुसऱ्या हातातील सांडशीकडे कोणी पाहत नाही. ऐरणीवरील तप्त लोखंड प्रत्येक घावासरशी उसळू पाहते आणि तो हात त्याला जागचे हलू देत नाही. घणाच्या हाताने दंड घडतो, तर सांडशीच्या हाताने पकड घडते. पंजाला या दोहोंची गरज असते.

सुतार आणि यंत्रकारागीर यांच्या हाताचे वैशिष्ट्य निराळे आहे. उजव्या हाताने पेचकस फिरवून स्क्रू आवळताना तळहात उताणा होण्याच्या दिशेने वळतो. या कामी दंडाच्या बेटकुळीचे साहाय्य मिळते, म्हणून आवळण्याला जोर चांगला लागतो. उलट दिशेने, म्हणजे हात पालथा होण्याच्या दिशेने वळवण्याचे बळ माणसात मुळातच कमी असते. पंजातील एका डावात प्रतिस्पर्ध्याची बोटे उघडण्यासाठी नेमके हेच बळ लागते. गंजलेले स्क्रू आणि नट दिवसभर सोडवणाऱ्या कारागिराच्या हातांत ते नकळत साठत जाते. धोब्याच्या कामातही असाच लाभ आहे. भिजलेली जाड चादर पिळताना दोन्ही हातांना परस्परविरुद्ध दिशांनी पीळ द्यावा लागतो आणि मुठीही सैल पडू देता येत नाहीत.

गोव्यातील परंपरागत धंदे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. माडावर चढणारा रेंदेर आपल्या साऱ्या देहाचा भार हातापायांवर तोलून धरतो आणि असे चढणे त्याला दिवसातून अनेकदा करावे लागते. त्याची बोटे आणि पाठ यांचे बळ त्यातून वाढते. पहाटेपूर्वी पीठ मळणाऱ्या पदेराचे बळ तळहाताच्या मुळाशी आणि खांद्यात असते; वरून दाब देऊन हात पाडण्याच्या डावाला ते उपयोगी पडते. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांची बोटे ओल्या दोराभोवती आकड्यासारखी वळलेली राहतात. ओढ पायांची आणि पाठीची असते. परंतु ती सुटू नये याची जबाबदारी बोटांवर असते. यांत्रिक होड्यांचा प्रसार झाल्यापासून रापणीचे प्रमाण घटले आणि तिने घडणारे हातही त्याबरोबर कमी झाले.

पुरुषांच्या धंद्यांचीच गणना करून थांबणे मात्र अन्यायाचे होईल. २०१७ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी मध्य युरोपातील सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी स्त्रियांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या संघात वल्ही मारणाऱ्या आजच्या तरुणींशी तुलना करता, त्या प्राचीन स्त्रियांचे दंडाचे हाड शरीराच्या मानाने ११ ते १६ टक्के अधिक बळकट आढळले. रोज तासन्‌तास दगडावर दगड पुढे-मागे घासून धान्य दळणे, हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी सांगितले. पाटा-वरवंट्यावर वाटण वाटणाऱ्या आणि जात्यावर पायली-पायलीचे दळण काढणाऱ्या आपल्याकडील स्त्रियांच्या हातांना कोणी बलवान म्हटले नाही. ते घरकाम होते, एवढेच त्याचे कारण.

या हातांचे सामर्थ्य तालमीपेक्षा निराळे का ठरते? स्नायू काही महिन्यांत वाढू शकतात. कंडरा आणि हाडे मात्र फार सावकाश बळावतात. त्यांना थोडा थोडा भार पुष्कळ वर्षे मिळावा लागतो. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड होते, हे वैद्यांना ठाऊक आहे. कष्टाचे कामही असेच संथ शिक्षण देते. अमेरिकेतील पेटालुमा या गावी १९५२ साली एका पानगृहातील चुरशीतून या खेळाच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि १९६२ पासून त्यांना जागतिक अजिंक्यपदाचे रूप आले. पुढे या खेळातील सर्वश्रेष्ठांपैकी एक म्हणून गाजलेले अमेरिकन खेळाडू जॉन ब्रझेंक हे व्यवसायाने विमानांची यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर. आपल्याहून कितीतरी वजनदार प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी नमवले. भारतातही २०२३ साली दिल्लीत पंजाची व्यावसायिक लीग भरली आणि तीत पुरुषांबरोबर स्त्रिया व दिव्यांग खेळाडूही उतरले.

परंतु धंद्याने दिलेले बळ आणि खेळाचे शिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. या भेदाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे अनर्थ ओढवतो. जोर लावण्याच्या भरात खेळाडू अंग आणि तोंड दुसरीकडे फिरवतो. मूठ मात्र मागे अडकून राहते. अशा वेळी सारा पीळ दंडाच्या हाडावर येतो आणि कोपराच्या वरच्या बाजूस ते पिळवटून मोडते. त्या हाडाला वेढा घालून जाणारा मज्जातंतू दुखावला, तर मनगट लुळे पडते आणि ते पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात. १९९५ साली जगातील सर्वांत बलाढ्य पुरुष निवडण्याच्या स्पर्धेत स्वीडनचे मॅग्नस सॅम्युएलसन यांच्याशी पंजा लढवताना ऑस्ट्रेलियाचे नेथन जोन्स यांचा हात मोडला. जेथे असे धिप्पाड गडी सुरक्षित नाहीत, तेथे जत्रेतील हौशी तरुणांची कथा काय?

शिवाय ज्या कामाने हात घडतो, तेच काम त्याला झिजवतेही. वर्षानुवर्षे मूठ आवळून मनगटाचा बोगदा सुजतो आणि बोटांना मुंग्या येतात. दगड फोडणाऱ्या यंत्राच्या थरथरीने बोटे बधिर व पांढरी पडू लागतात. ही चिन्हे दिसत असता केवळ ईर्ष्येने पंजा लढवणे म्हणजे शिल्लक संपल्यावर मुद्दलाला हात घालणे होय. पगारी नोकराचा हात मोडला तर त्याला रजा मिळते. रेंदेराचा किंवा लोहाराचा मोडला तर घरातील मिळकतच थांबते.

म्हणून गावोगावी हौसेने भरणाऱ्या पंजाच्या चुरशींना थोडी शिस्त लावली पाहिजे. पंच असावा. हात आधी थोडे चोळून, हलवून मोकळे करून घ्यावेत. नजर सतत आपल्या मुठीवर आणि खांदा मुठीच्या मागे असावा. मूठ खांद्याच्या मागे गेली की पंचाने लढत तत्काळ थांबवावी आणि हरणाऱ्याने संकोच न बाळगता हार मान्य करावी. जोडी ठरवताना केवळ वजन न पाहता, समोरच्याचा धंदा कोणता आणि उद्या सकाळी त्याच्या हाताला कोणते काम करावयाचे आहे, हेही विचारून घ्यावे.