आजारपणापासून जलदान विधीपर्यंत : विहाराचे कर्तव्य

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या धम्मसभेतील भाषण)



वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस. आजच्या दिवशी मरणाचा विषय कशाला काढला, असे कुणाच्याही मनात येईल. पण भगवान बुद्धांनी म्हातारपण, आजार आणि मरण आपल्यापासून झाकून ठेवले नाही. आपणही ते झाकू नये, म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनी मिळून हा विषय घेतला आहे.

आपल्या वस्तीत एक चांगली रीत आहे. कुणाच्या घरी मयत झाली की अर्ध्या तासात सारी गल्ली गोळा होते. पोरं बांबू आणायला पळतात. लूमवरची पाळी सोडून माणसं येतात. बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होते, कुणी वर्गणी काढतो. याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच घरात त्याआधी सहा-सहा महिने माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, तेव्हा आपण कुठे असतो? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला, मगच येथे उभे राहिलो.

आपल्याच वस्तीतील एका माउलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. आजार कर्करोगाचा. मोठ्या दवाखान्यात उपचार झाले, पण आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. घरी आणले. मुलगा लूमवर, सून एकटी. दुखणे असे की रात्रीचा ओरडा चार घरांना ऐकू जाई. आम्हीही ऐकला. "काय करणार, बिचारी सुटली पाहिजे" असे म्हणून कूस बदलली.

एका पहाटे ती गेली. घरी कुणी डॉक्टर येत नव्हता. त्यामुळे मृत्यूचा दाखला द्यायला कुणी तयार होईना. ज्याने रुग्णाला पाहिलेच नाही तो सही कशी करणार? स्मशानात कागद मागतात. कागदासाठी मुलगा दुपारपर्यंत वणवण फिरला आणि आई घरात. त्या दिवशी शंभर माणसे हजर होती, पण एकाच्याही हातून ते काम होईना. आदल्या महिन्यात आमच्यातले दोघे जरी त्या घरी गेले असते, तर एवढे हाल झाले नसते.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे आजाऱ्याला सांभाळणारे वेगळे आणि अंत्यविधी करणारे वेगळे. डॉक्टर, नर्स आणि घरची बाई एका बाजूला. बौद्धाचार्य, मंडळाची पोरं, शववाहिनीवाला आणि स्मशानातला कामगार दुसऱ्या बाजूला. या दोघांची गाठ पडते ती मरणानंतर, रडारडीत. ती आधी पडली पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.

आता कुणी म्हणेल, घरी पाठविले म्हणजे डॉक्टरचे काम संपले. तसे नाही. आजार बरा होत नसला तरी दुखणे कमी करता येते. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. परळच्या टाटा हॉस्पिटलात त्याचा वेगळा विभाग आहे. तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते. ती मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्तीही झाली. ज्यांना घरी ठेवणे अशक्य आहे अशा कर्करुग्णांसाठी बांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. पुण्यात सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. या दोन्ही ठिकाणी सेवा विनामूल्य मिळते. म्हणून घरी सोडताना डॉक्टरांना विचारा, "साहेब, दुखण्यासाठी कुणाला दाखवू? घरी काही झाले तर दाखला कोण देईल?" हे विचारण्यात लाज नाही.

केरळमध्ये तर शेजाऱ्यांनीच हे काम अंगावर घेतले. १९९३ साली कोझिकोडला डॉक्टरांनी सुरुवात केली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावची साधी माणसे शिकून तयार झाली. आठवड्यातले काही तास देऊन ती आजाऱ्याच्या घरी जातात आणि नर्सला मदत करतात. २००८ साली तेथील सरकारने त्यासाठी धोरण केले. ती माणसे आपल्यासारखीच कष्टकरी आहेत.

लांब कशाला, आपल्या भिवंडीतच पाहा. शेजारच्या मोहल्ल्यात मशिदीत जनाजा आणि गुस्लचा तख्ता तयार ठेवलेला असतो. एक निरोप गेला की जमातीची माणसे येतात. घरच्याला सामान शोधत फिरावे लागत नाही. चांगली रीत कुणाचीही असो, घ्यावी.

आणि आपल्या धम्मात तरी काय सांगितले आहे? अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः आंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा आहे, असे भिक्खूंना बजावले. ही कथा आपल्याला ठाऊक आहे. कुसिनाराची आठवण मात्र आपण कमी काढतो. शेवटच्या रात्री आनंद दाराला टेकून रडत होता. तथागतांनी त्याला जवळ बोलावले, धीर दिला आणि त्याने केलेल्या सेवेचे कौतुक केले. मग त्यालाच गावात पाठविले, की आज रात्री तथागतांचे परिनिर्वाण होणार आहे, हे मल्लांना सांग. आपल्या गावात असून शेवटचे दर्शन झाले नाही, अशी रुखरुख त्यांना लागू नये. मल्ल बायका-पोरांसह आले. आनंदाने एकेका कुटुंबाला दर्शन घडविले. पुढे त्याच मल्लांनी अंत्यसंस्कार केला.

पाहा, निरोप आधी गेला. सेवा करणाऱ्याचेही सांत्वन झाले. आणि जे आधी भेटून गेले, त्यांनीच शेवटचे कार्य केले. यापेक्षा वेगळे आम्ही काही मागत नाही.

म्हणून विहाराने काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले म्हणजे, विहारात एक वही ठेवावी. ज्या घरी मोठा आजार आहे त्यांनी, इच्छा असेल तर, नाव द्यावे. प्रत्येक गल्लीतून एक बाई आणि एक पुरुष यांनी आठवड्यातून दोनदा त्या घरी जावे. उपदेश करायला जाऊ नये. सुनेला दोन तास झोप मिळावी म्हणून जावे. कूस बदलायला, अंग पुसायला, औषध आणायला जावे. पाठीकडून उचलता येणारी खाट, कमोडची खुर्ची आणि पाण्याची गादी एवढे सामान विहाराने वर्गणीतून घ्यावे आणि घरोघर वापरायला द्यावे.

दुसरे, बौद्धाचार्यांनी मरणाआधी भेटावे. रुग्णाला वाटल्यास वंदना म्हणावी. त्याच्या मनात काय आहे, ते विचारावे. नेत्रदान करायचे असेल तर ते आधी ठरवावे, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. नेत्रपेढीला लगेच फोन करायचा, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. काही आजारांत डोळे घेत नाहीत, तेही आधीच विचारून घ्यावे.

तिसरे, कागद. घरी मरण येईल असे दिसत असेल तर जवळच्या डॉक्टरांना रुग्ण आधीपासून दाखवत राहा, दवाखान्याची फाईल त्यांना दाखवा. शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले, त्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य द्यायचा असतो. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४-अ. घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत महापालिकेत नोंद करणे ही कुटुंबप्रमुखाची जबाबदारी आहे. दवाखान्यात झाला तर ती दवाखान्याची. अपघात किंवा संशयाचा मृत्यू असेल तर आधी पोलिसांना कळवावे. १०८ ची गाडी रुग्णासाठी असते, शववाहिनी वेगळी. तिचा, डॉक्टरांचा, बौद्धाचार्यांचा आणि स्मशानभूमीचा फोन एका कागदावर लिहून तो आजाऱ्याच्या घरी भिंतीला चिकटवावा.

चौथे, नंतरचे. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन साधेपणाने करा. आजारपणात आधीच कर्ज झालेले असते. त्यावर जेवणावळीचे कर्ज चढवू नका. चहा आणि वंदना पुरे. जेवणाचा आग्रह नातेवाईक धरतात, तेव्हा "विहाराचा नियम आहे" असे आमच्या नावावर खुशाल सांगा. आणि कार्यक्रम झाला की सगळे निघून जातात, तेव्हाच घर खायला उठते. त्यानंतरचे तीन महिने त्याच दोघांनी त्या घरी जात राहावे. दाखला मिळाला का, पेन्शनचा अर्ज झाला का, मुलं शाळेत जातात का, हे पाहावे.

बंधू-भगिनींनो, ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरला चितेजवळ लोकांनी नुसते अश्रू ढाळले नाहीत. भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून त्यांनी तेथेच धम्मदीक्षा घेतली. दुःखाच्या घडीला कामाचा संकल्प करणारा आपला समाज आहे.

त्या माउलीची सून आज या सभेत बसली आहे. वहीत सेवेसाठी पहिले नाव तिने दिले आहे. तिला कुणी सांगितले नव्हते. आम्ही तिच्या वेळी पोहोचलो नाही, तिची क्षमा मागतो. वही दाराशी ठेवली आहे. जाताना आपले नाव लिहून जा.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! नमो बुद्धाय!