आतड्याची तपासणी आणि रोग्याची कूस

जेवणानंतर घटकाभर डाव्या कुशीवर आडवें होण्यास आपण वामकुक्षी म्हणतों. बस्ति देतांना रोग्यास डाव्याच कुशीवर निजवावें, असें आयुर्वेदही सांगतो. मोठें आतडें आंतून पाहण्याची जी आधुनिक तपासणी, जिला कोलोनोस्कोपी म्हणतात, तिचाही आरंभ बहुधा याच कुशीवर होतो. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. मध्येंच डॉक्टर म्हणतात, "आतां उताणे व्हा." कांहीं वेळानें म्हणतात, "आतां उजव्या कुशीवर या." आदल्या दिवसाच्या रेचकानें गळून गेलेल्या आणि संकोचानें अर्ध्या झालेल्या माणसास ही उगीच दगदग वाटते. ती कशासाठीं, हें आज सांगावयाचें आहे.

मोठें आतडें सुमारें दीड मीटर लांब असतें. बोटाएवढी जाड, लवचिक आणि टोकाशीं दिवा व कॅमेरा असलेली नळी गुदद्वारांतून त्यांत सरकवीत नेतात. न्यूयॉर्क येथील डॉ. वुल्फ व डॉ. शिन्या यांनीं १९६९ सालीं अशाच नळींतून तारेचा फांस घालून आतड्यांतील पॉलिप, म्हणजे आंतल्या अस्तरावर उगवलेली मांसल गांठ, काढून दाखविली. तोंपर्यंत अशा उंचावरील गांठीसाठीं पोट उघडण्यावांचून गत्यंतर नसे. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग वर्षानुवर्षें हळूहळू वाढणाऱ्या अशाच एखाद्या गांठींतून निपजतात. तेव्हां ती गांठ वेळींच दिसली कीं नाहीं, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

आतां आतड्याची ठेवण पाहा. उजवीकडून वर चढणारा आणि डावीकडून खालीं उतरणारा, हे त्याचे दोन भाग पाठीच्या बाजूस बांधल्यासारखे असतात. मधला आडवा भाग मात्र दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबता असतो. गुदाशयाच्या वरचा वांकडातिकडा भागही तसाच मोकळा. नळी पुढें रेटली कीं हा मोकळा भाग तिच्याबरोबर ताणला जातो आणि तिचा वेढा पडतो. रोग्यास जी कळ येते ती बहुधा या ताणाची असते. अशा वेळीं निष्णात डॉक्टर जोर करीत नाहींत; नळी थोडी मागें ओढून वेढा उलगडतात, साहाय्यकास पोटावर हात दाबून धरावयास सांगतात, किंवा रोग्यास वळवितात. रोगी डाव्या कुशीवर असतांना लोंबता आडवा भाग डावीकडे कलंडतो आणि प्लीहेजवळचें वळण अधिक तीव्र होतें. तोच उजव्या कुशीवर आला, कीं तो भाग दुसरीकडे झुकतो आणि तें वळण मोकळें होतें. जें काम हातांच्या बळानें साधलें नसतें, तें पृथ्वीचें आकर्षण फुकट करून देतें.

तथापि कूस बदलण्याचा खरा उपयोग नळी बाहेर काढतांना असतो, कारण बारकाईनें पाहणें तेव्हांच होतें. हें काम सावकाशीनें करावयाचें असून त्यास निदान सहा मिनिटें तरी द्यावींत, असा दंडक आहे. आतड्याच्या भिंतीला आंतून घड्या असतात. त्या उलगडाव्यात म्हणून आंत हवा किंवा कर्बवायु सोडतात. रेचक घेऊनही थोडें पाणी आंत उरतेंच. अर्धा भरलेला तांब्या आपण जसा कलवाल, तसें पाणी खालच्या अंगास जातें आणि हवा वर राहते. रोगी डाव्या कुशीवर असेल, तर उजवा भाग वर येऊन हवेनें फुगतो व स्वच्छ दिसतो. डावा भाग मात्र मिटलेला आणि पाण्याखालीं. म्हणून उजवा भाग डाव्या कुशीवर, आडवा भाग उताणें असतांना आणि डावा भाग उजव्या कुशीवर पाहावा, हें सोपें सूत्र.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील डॉक्टरांनीं या सूत्राची परीक्षा घेतली. तिचें फळ २०११ सालीं प्रसिद्ध झालें. १३० रोग्यांत केवळ डाव्या कुशीवर पाहतांना शेंकडा २३ जणांत कर्करोगाकडे झुकूं शकणारी गांठ सांपडली. कूस बदलीत पाहतांना तीच संख्या शेंकडा ३४ झाली. पुढील सर्वच प्रयोगांत इतका फरक आढळला असें नाहीं. तरीही ज्या उपायास औषध लागत नाहीं कीं नवें यंत्र लागत नाहीं, तो केवळ कंटाळ्यानें टाकणें मला तरी पटत नाहीं.

अडचण आहे ती गुंगीची. आपल्याकडे "मला कांहींच कळूं नये" असा पुष्कळांचा आग्रह असतो, आणि तो अगदींच गैर म्हणवत नाहीं. पण गाढ झोंपलेल्या माणसाला वळवावयास दोघेतिघे लागतात. त्याचा खांदा अंगाखालीं सांपडूं शकतो. उलटी झाल्यास ती श्वासनलिकेंत न जावी यासाठीं त्याला कुशीवर ठेवणेंच इष्ट, त्यामुळें उताणें करतांना भूलतज्ज्ञास फार सावध राहावें लागतें. हलक्या गुंगींत असलेला रोगी मात्र सांगतांच स्वतः वळतो. इंग्लंडांत बऱ्याच तपासण्या अशा हलक्या गुंगींत, किंवा केवळ नाकातोंडानें वायु हुंगवून केल्या जातात.

ज्यांचा खांदा आखडलेला आहे, खुब्याचा सांधा बदललेला आहे किंवा पाठीचें दुखणें आहे, त्यांनीं तें टेबलावर चढण्यापूर्वींच सांगावें. गुंगी किती द्यावी हेंही त्याच वेळीं विचारावें. वळण्यास सांगितलें, तर आधीं गुडघे दुमडावे आणि मग सावकाश अंग फिरवावें. नळी निसटेल ही भीति नको, ती धरावयास डॉक्टरांचा हात असतोच, आणि पांघरूण सांवरावयास परिचारिका.