शेजारी राष्ट्रांची मैदाने
(क्रीडाशिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



दूरच्या संघाकडून पराभव झाला तर तो चार दिवसांत विसरला जातो. शेजारच्या गावाकडून झालेला पराभव पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. राष्ट्रांचेही तसेच आहे. म्हणून शेजाऱ्यांतील सामने भरविणे हे जोखमीचे, पण मोलाचे काम होय. रग्बी आणि बास्केटबॉल या दोन खेळांच्या इतिहासातून मी हे स्पष्ट करू इच्छितो.

रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७१ मध्ये एडिंबरो येथे इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात झाला. या दोन देशांत आजही ज्या चषकासाठी चुरस होते, तो ‘कलकत्ता चषक’ आपल्या रुपयांचा आहे. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब सभासदांअभावी बंद पडला, तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ते वितळविण्यात आले आणि त्यांतून हा चषक घडविला गेला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असे त्याचे रूप आहे. १८७९ पासून तो खेळला जात आहे. पुढे वेल्स व आयर्लंड आले, १९१० मध्ये फ्रान्स आणि २००० मध्ये इटली येऊन ही सहा राष्ट्रांची स्पर्धा झाली.

यांत आयर्लंडचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. १९२१ च्या सुमारास त्या बेटाची फाळणी झाली. फुटबॉलच्या संघटनाही विभागल्या गेल्या. रग्बीचा संघ मात्र एकच राहिला. सीमेच्या दोन्ही बाजूंचे खेळाडू आजही एकाच गणवेशात उतरतात. १९७२ मध्ये हिंसाचाराच्या भीतीने स्कॉटलंड व वेल्स यांनी डब्लिनला जाण्याचे टाळले. १९७३ मध्ये इंग्लंडचा संघ मात्र गेला. वास्तविक कटुता होती ती इंग्लंडविषयीच. परंतु तो संघ मैदानात येताच प्रेक्षकांनी उभे राहून कितीतरी वेळ टाळ्यांचा कडकडाट केला. सामना आयर्लंडने १८–९ असा जिंकला. पाहुणा आला, याचे मोल यजमानांनी जाणले होते.

बास्केटबॉलची कथा बाल्टिक किनाऱ्यावरची आहे. १९३५ मध्ये युरोपचे पहिले अजिंक्यपद लॅटव्हियाने मिळविले. १९३७ मध्ये लॅटव्हियाच्याच राजधानीत, रीगा येथे, शेजारच्या लिथुआनियाने ते पटकाविले. १९३९ ची स्पर्धा लिथुआनियातील कौनास येथे व्हावयाची होती. त्यासाठी नवे क्रीडागृह उभारण्यात आले, आणि तेथे यजमानांनी लॅटव्हियाला ३७–३६ असे अवघ्या एका गुणाने नमविले. यजमान संघात अमेरिकेत जन्मलेले लिथुआनियन वंशाचे खेळाडू होते, त्यावरून कुरबूरही झाली. परंतु पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, सोव्हिएत संघाने ही बाल्टिक राष्ट्रे गिळंकृत केली. जिंकणारा व हरणारा दोघांचेही ध्वज उतरले.

खेळ मात्र जिवंत राहिला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा साबोनिस व मार्चुल्योनिस यांच्यासह चार लिथुआनियन खेळाडू त्याचा कणा होते. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे तेच खेळाडू स्वतंत्र लिथुआनियाच्या नावाने उतरले आणि माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या एकत्रित संघाला ८२–७८ असे हरवून त्यांनी कांस्यपदक मिळविले. लहान राष्ट्राला स्वतःचे नाव परत मिळाले, ते जगाने मैदानावर पाहिले.

मित्रहो, खेळाने वैर आपोआप मिटते असे मी म्हणणार नाही; तसे घडलेले नाही. परंतु दोघांना मान्य असा नियम आणि दोघांना मान्य असा पंच ही गोष्ट शेजाऱ्यांना दुर्मीळ असते, आणि ती मैदान देते. रग्बीत धक्काबुक्की पुष्कळ. तरी सामना संपल्यावर एक संघ दोन रांगांत उभा राहून दुसऱ्याला टाळ्या वाजवीत वाट देतो. आपल्या तालुक्यातील आंतरशालेय सामन्यांत हा रिवाज सुरू करण्यास कोणताही खर्च लागत नाही. पाहुण्या संघाच्या उतरण्याची व पाण्याची सोय आपल्या संघाच्या आधी पाहावी, पंच दोन्ही शाळांच्या संमतीने नेमावा आणि हरल्यावरही पुढील वर्षीचे निमंत्रण त्याच दिवशी द्यावे. एवढे आपण कराल, असा मला विश्वास वाटतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!