वीस लिटरची पृथ्वी

प्राथमिक शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, पृथ्वीवर पाणी किती? उत्तर ठरलेलं असतं. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्यानं व्यापला आहे. ओळ खरी आहे आणि परीक्षेत तिला गुणही मिळतात. पण तेच मूल घरी येतं, तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी येणार असतं आणि आई टँकरच्या रांगेत घागरी लावून उभी असते. पुस्तक म्हणतं, पाणीच पाणी. घर म्हणतं, पाणी नाही. ही दोन्ही एकाच वेळी खरी कशी, हे त्याला कुणी सांगत नाही. मग ते पुस्तकातलं पुस्तकात ठेवतं आणि घरातलं घरात.

कवितेच्या निमित्तानं माझं खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये जाणं होतं. कविता ऐकवून झाल्या की मी कधीकधी पुढच्या तासालाही मागे बसून राहतो. मराठवाड्यातल्या एका शाळेत चौथीच्या बाईंनी या दोन गोष्टींची गाठ घालून दिलेली मी पाहिली. त्यासाठी त्यांना लागली वीस लिटरची भरलेली बादली, अर्ध्या लिटरचं माप, औषधाच्या बाटलीचं रेघा असलेलं झाकण आणि एक ड्रॉपर.

बाई म्हणाल्या, "समजा, पृथ्वीवरचं सगळं पाणी या बादलीत आहे." मग एका मुलाला त्यातलं अर्धा लिटर काढून घ्यायला लावलं. हे गोडं पाणी. बादलीत राहिलेलं साडेएकोणीस लिटर खारं. ते खारं करून दाखवावं म्हणून बाईंनी मिठाची पुडी उघडली, तशी पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, सगळ्या पाण्यात मीठ नका घालू. आम्ही हापशावरून आणलंय ते."

वर्ग गप्प झाला. बाईंनी पुडी मिटली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. आपण ग्लासभरच खारट करू." ग्लासभर पाण्यात चहाचा चमचाभर आणि वर चिमूटभर मीठ घातलं की समुद्राइतका खारटपणा येतो. मुलांनी बोट बुडवून चाखलं आणि तोंडं वाकडी केली.

मग त्या अर्ध्या लिटरची वाटणी झाली. त्यातलं सुमारे ३४५ मिलिलिटर ध्रुवांवर आणि डोंगरमाथ्यांवर बर्फ होऊन बसलेलं. सुमारे १५० मिलिलिटर जमिनीच्या पोटात. उरलं जेमतेम चमचाभर. त्यातलाही मोठा भाग कायम गोठलेल्या जमिनीत, काही मातीत आणि हवेत. गोड्या पाण्याच्या तळ्यांच्या वाट्याला ड्रॉपरनं मोजून पंचवीसेक थेंब आले. आणि जगातल्या सगळ्या नद्या? गंगा, गोदावरी, नाईल, ॲमेझॉन धरून एक पुरता थेंबही नाही. बाईंनी ड्रॉपरच्या टोकाला लोंबणारा थेंब दाखवला आणि म्हणाल्या, "याच्याहूनही कमी." त्या वेळी मुलांचे डोळे पाहण्यासारखे होते. पुस्तक आणि घर, दोघंही खरं बोलत होती.

खारट ग्लासाचं पुढचं काम अंगणात झालं. ते पाणी परातीत ओतलं, मधोमध रिकामी वाटी ठेवली, वर प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधला आणि वाटीच्या बरोबर वर कागदावर एक खडा ठेवला. उन्हानं पाण्याची वाफ होते, ती कागदाला चिकटते, उतारानं खड्यापाशी येते आणि वाटीत टपकते. दुपारी वाटीत थोडंसं पाणी जमलं होतं. चाखलं तर गोडं! मीठ परातीतच राहिलेलं. समुद्र खारा असून पाऊस गोडा का, हे त्या वर्गाला आता पाठ करावं लागणार नाही. बादलीतलं पाणी तेवढ्यात खिचडीची भांडी धुवायला गेलंही होतं.

जमिनीच्या पोटातलं पाणी दाखवायलाही फार काही लागत नाही. एका घमेल्यात मुरूम घ्यावा, दुसऱ्यात काळा दगड ठेवावा आणि दोन्हींवर तांब्या तांब्या पाणी ओतावं. मुरूम पाणी पिऊन टाकतो, दगडावरून ते ओघळून जातं. आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग या काळ्या बेसाल्टचाच आहे. त्यात पाणी राहतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणून आपल्या विहिरी दिवाळीला भरलेल्या दिसतात आणि चैत्रात तळ दाखवतात. दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारून, खाली दगड बांधून, गुरुजींच्या देखरेखीखाली कठड्याबाहेरूनच विहिरीचं पाणी मोजता येतं. दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा असे तीन दिवस ठरवावेत. ईद धरून चालणार नाही, ती दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते!

मोजायला लागलं की मुलं गणितही आनंदानं करतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शाळेचं छप्पर वीस मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर असेल, तर त्या छपरावर ६० हजार लिटर पाणी पडतं. थोडंफार वाया गेलं तरी उरतं ते कमी नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार केला, तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास येतं. फक्त एक मोठी बाटली.

आपण मुलांना 'पाणी वाचवा'च्या घोषणा द्यायला लावतो, चित्रं काढायला लावतो. आमच्याकडे वडीलधारी माणसं सांगतात की वजू करायला वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका. शिकवण चांगलीच आहे. पण जिच्या घरात दिवसाला दोन घागरी येतात, तिला काटकसर आपण काय शिकवणार? तिला माप द्यावं. खेड्यात माणशी रोज ५५ लिटर आणि मोठ्या शहरात १३५ लिटर, असे सरकारी निकष आहेत. आपल्या घरात माणशी किती येतं, हे मोजून ती पाटीवर मांडेल. मग ती विचारेल की खेड्यातल्या माणसाला तहान कमी लागते का? हा प्रश्न तिनं विचारावा, यासाठीच तर शाळा आहे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या पावसाळ्याच्या आधी सरळ उभ्या बाजूंची एक बाटली घ्या, तिचा वरचा निमुळता भाग कापा, बाजूला पट्टी चिकटवा आणि ती उघड्यावर ठेवा. रोज सकाळी मुलाला आकडा लिहू द्या. पावसाळा संपेल तेव्हा आपल्या अंगणात किती पाणी पडलं, हे त्याला ठाऊक असेल. ते पाणी गेलं कुठं, हे मग ते तुम्हालाच विचारील. उत्तराची तयारी मात्र आतापासून करायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)